उलट्या फेऱ्याची साळूबाई

साळूबाईची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी लग्न होऊन देवळाली प्रवरेजवळच्या आमच्या गावात आले, आणि पहिल्याच आठवड्यात खुरपणीला गेले. बायांच्या ओळीत माझ्या उजव्या अंगाला एक काळीसावळी, उंच बाई येऊन बसली. दोन पावलं पुढं सरकलो नाही तोच तिचं कोपर माझ्या कोपरावर असं बसलं की माझ्या हातातलं खुरपं उडालं.

"सरक की पलीकडं. दिसत न्हाई व्हय, डावरी हाय मी?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. नवी नवरी असले तरी गप्प बसणारी नव्हते.

"आता झालं न्हवं माहीत?" असं म्हणून ती उठली आणि ओळीच्या पार डाव्या टोकाला जाऊन बसली. तिथं तिचं कोपर मोकळं होतं. ती तिथूनच सगळ्यांच्या पुढं निघून गेली, आणि बांधावर पोचल्यावर मागं वळून माझ्याकडं बघून हसली. त्या दिवसापासून आमचं जमलं. मी तिची बाजू घेऊन लिहिते आहे हे आधीच सांगून टाकते. ज्याला दोन्ही बाजू ऐकायच्या असतील त्यानं दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

साळूबाई जेवायची तेवढी उजव्या हातानं. सासूनं पहिल्या वर्षी तिच्या डाव्या मनगटाला चिंधी बांधून ठेवली होती, तेव्हा एवढं एकच वळण लागलं. बाकी सगळं डाव्यानं. लोहाराकडून तिनं उलट्या धारेचा विळा करून घेतला होता. तिचा नवरा गोरक्ष तो विळा चुकून घेऊन शेतात गेला की हात चोळत परत यायचा. गोरक्ष गरीब माणूस. बायकोचं ऐकून घ्यायचं आणि तंबाखू मळायची, एवढंच त्याला येत होतं.

गावानं तिचं सगळं चालवून घेतलं, पण एक गोष्ट चालवून घेतली नाही. तिला गोधडीवर बसू दिलं नाही.

आमच्याकडं घरातली रोजची गोधडी ज्याची तो शिवतो, पण लग्नाची किंवा बाळंतिणीची असली की चार बायका लागतात. ओसरीवर जुन्या लुगड्याधोतरांचे थर अंथरायचे, लांब लांब कच्चे टाके घालून टाचून घ्यायचे, मग चार बाजूंना चौघींनी बसायचं. प्रत्येकीनं आपल्या बाजूनं उजवीकडून डावीकडं धावदोरा घालत जायचं. एक फेरा झाला की आत सरकून दुसरा. असं कडेकडून मध्याकडं. देवाला प्रदक्षिणा घालतात त्याच अंगानं गोधडीचे फेरे पडतात. डावऱ्या बाईची सुई डावीकडून उजवीकडं पळते, म्हणजे तिचा फेरा उलटा. आणि उलटी प्रदक्षिणा लग्नाच्या गोधडीला कशी चालेल?

हा कायदा बनुबाईचा. बनुबाई म्हणजे आमच्या गावच्या गोधड्यांची कारभारीण. वय झालेलं, दात पडलेले, पण हात असा की तिचा टाका बाजरीच्या दाण्याएवढा. ती नसेल तर गोधडी अंथरायची नाही, आणि ती म्हणेल त्याच बायकांनी बसायचं. आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याची खुर्शीदभाभी बसायची, माझी जाऊ रतनबाई बसायची, दुसऱ्या वर्षी मलाही बसवलं. साळूबाईला मात्र बोलावणं असायचं ते सुया ओवायला, चिंध्या निवडायला आणि चहा टाकायला. ती यायची. येऊन तोंड चालवायची, सगळ्यांची थट्टा करायची, आणि मधूनच तिची नजर गोधडीवर जाऊन बसायची. मला ते बघवत नसे. जिच्या हाताला काम येतं तिला काठावर बसवून ठेवणं ही शिक्षाच आहे, आणि तिनं गुन्हा तर काहीच केला नव्हता.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्र्याहत्तरला पाऊसपाणी बरं झालं, आणि अडून राहिलेली लग्नं दिवाळीनंतर धडाधड निघाली. त्यात रतनबाईच्या चांगुणाचंही ठरलं. मुलगा नगरला कचेरीत शिपाई. त्याच्या आईनं सुपारीच्या वेळी पान खाता खाता सांगितलं, "रुखवतात गोधडी ठेवा, पण ठिगळाची नको. आमच्या गल्लीत लोक बघायला येतात. एकाच कापडाची करा."

रतनबाईनं मोठ्या हौशीनं हो म्हटलं. बेलापूरच्या बाजारातून दुप्पट पन्ह्याचं मांजरपाट आणलं, रंगाऱ्याकडून डाळिंबी रंगवून घेतलं. जोड नाही, ठिगळ नाही, काठ नाही. ओसरीवर अंथरलं तेव्हा आम्ही सगळ्याजणी नुसत्या बघत राहिलो. बनुबाईनंही त्यावरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत तिनं असलं अखंड कापड कधी शिवलं नव्हतं, पण ते तिनं बोलून दाखवलं नाही.

आम्ही चौघी बसलो. साळूबाई सुया ओवून देत होती. बाहेरचे फेरे झकास पडले. पण जसजसं आत सरकावं तसतसं कापड बिघडत चाललं. मध्यावर फुगा आला आणि त्याच्याभोवती तिरक्या सुरकुत्या पडल्या, पिळलेल्या धुण्यासारख्या. बनुबाई म्हणाली, उसवा. उसवलं. पाण्याचा हबका मारून, कापड ताणून परत टाचलं, परत शिवायला घेतलं. परत तसंच.

रतनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न तोंडावर आलेलं. नगरच्या बायका रुखवतापुढं उभ्या राहून काय बोलतील ते तिला आत्तापासूनच ऐकू येत होतं. "बनुमावशी, असं कसं हो होतंय?"

बनुबाईचं आजवर कधी चुकलं नव्हतं, त्यामुळं चूक कुठं ठेवायची ते तिला कळेना. आधी ती म्हणाली कापडच तिरकं फाडलंय. मग म्हणाली रंगाऱ्यानं खळ जास्त लावली. मग तिची नजर साळूबाईवर गेली.

"सुया कोन ओवतंय? डाव्या हाताचा दोरा. आता लागंल कसं सरळ?"

साळूबाईच्या हातातली सुई तशीच राहिली. मला वाटलं आता ही रडेल. पण रडणाऱ्यातली ती नव्हतीच. तिनं सुई रिळात खोचली, उठली आणि तरातरा घरी निघून गेली. आम्हाला वाटलं, गेली कायमची. तेवढ्यात परत आली ती खांद्यावर एक गोधडी घेऊन. तिच्या घरची, पोरांच्या अंगाखालची, धुऊन धुऊन विटलेली. ती तिनं बनुबाईपुढं आपटली.

"ही माजी. हिला माज्याबिगर कुनाचा हात लागल्याला न्हाई. आता बघा."

तिनं ती उभी दुमडली. टोकाला टोक लागायला हवं होतं; पण वरचं टोक चार बोटं एका अंगाला सरकलेलं. "फिरती हाय. हाय का न्हाई?"

"मंग मी काय म्हनत हुते?" बनुबाई म्हणाली.

"थांबा. धाकटे, तुज्या जावंच्या घरातल्या काढ समद्या."

मी उठले. रतनबाई नको नको म्हणत असताना चळतीवरच्या सगळ्या गोधड्या ओढून आणल्या. एकूणएक बनुबाईच्या हातच्या, गावात नावाजलेल्या. साळूबाईनं त्या एकेक करून तशाच दुमडल्या. प्रत्येकीचं टोक सरकलेलं होतं, चार बोटं, कुणाचं वीतभर. फक्त दुसऱ्या अंगाला. जन्मभर आम्ही त्या पांघरत आलो, उन्हात घालत आलो, घड्या करत आलो. घडी बसेना तर आम्ही दाबून बसवायचो. ठिगळांच्या गर्दीत तो पीळ कधी कुणाला दिसलाच नव्हता. डाळिंबी कापडावर लपायला जागा नव्हती.

"तुमी चौगी कापड एकाच अंगाला ढकलीत नेता. मी ढकलते दुसऱ्या अंगाला," साळूबाई म्हणाली. "तुमी बी फिरवता, मी बी फिरवते. पन कापडाला बिगर पिळाचं ठिवायचं आसंल, तर तुमचा एक फेरा आन् त्याच्या मागं माजा एक. तुमी जेवढं न्याल तेवढं मी माघारी आनते."

खुर्शीदभाभी हळूच म्हणाली, "बात तो सही है." मी मान डोलावली. पण रतनबाईचा जीव वेगळ्याच भीतीत. लेकीच्या लग्नाची गोधडी, तिला उलटा फेरा घालायचा? उद्या तिच्या संसाराचं काही उलटं झालं तर? ती नुसती पदराशी चाळा करत बसली.

अंगणात रतनबाईचे मालक, माझे थोरले दीर पुंजाराम दोर वळत बसले होते. बायकांच्या बोलण्यात ते कधी पडत नसत. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "ह्ये काय करतोय मी?"

"दोर वळताय," रतनबाई म्हणाली.

"पेड कोन्या अंगाला पिळला?"

"उजव्या."

"आन् दोर वळताना?"

रतनबाई शेतकऱ्याघरची लेक, तिला सांगायला नको होतं. पेड एका अंगाला पिळतात आणि दोर दुसऱ्या अंगाला वळतात, म्हणून तर तो बैलाला धरतो. दोन्ही एकाच अंगाला पिळले तर हातातून सुटून मोकळे. पुंजाराम परत आपल्या कामाला लागले. रतनबाईनं डोळे पुसले आणि बनुबाईकडं पाहिलं.

बनुबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पण घर रतनबाईचं होतं. शेवटी बनुबाईच म्हणाली, "बसू दे. पन माजी एक अट हाय. गोधडी सपाट पडली न्हाई, तर हिनं ह्या गावात परत कुनाच्या गोधडीपाशी यायचं न्हाई. सुया ओवायला बी न्हाई."

"आन् पडली तर?" साळूबाईनं विचारलं.

"पडली तर काय पायजे तुला?"

"पोट मी भरनार."

आमच्याकडं गोधडी मध्याशी आली की तळहाताएवढी जागा मोकळी ठेवतात. तीत पोळीचा एक तुकडा आणि गुळाचा खडा घालून मग ती शिवून बंद करतात. त्याला पोट भरणं म्हणतात. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, अशी समजूत. तो मान गावात फक्त बनुबाईचा. तिच्या आधी तिच्या सासूचा होता. डावऱ्या बाईनं गोधडीवर बसणंच जिथं चालत नव्हतं, तिथं ही थेट पोटाला हात घालत होती.

"कबूल," बनुबाई म्हणाली. ती हरणार नाही याची तिला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं नव्यानं टाचलं. चार बाजूंना आम्ही चौघी, आणि साळूबाईला एक बाजू नव्हतीच. तिला चारही बाजू होत्या. आमचा फेरा पुढं गेला की एका बोटाच्या अंतरावरून ती उलटी निघायची. चौघींनी मिळून घातलेला फेरा तिनं एकटीनं भरून काढायचा. आमच्या मांड्यांवरून, पाठीमागून, कधी पदराखालून तिची सुई चालायची. "सरक गं. सरका मावशी. भाभी, गुडगा काढा तुमचा." सगळ्यांना हलवत, शिव्या देत, हसत ती चाललेली. गोधडीवर बसायला मिळालं याचाच तिला इतका आनंद झाला होता की तोंडावरून ओसंडत होता.

बनुबाईनं मग वेग वाढवला. तिनं तो मुद्दाम वाढवला हे आम्हा सगळ्यांना कळलं. एवढ्या जोरात शिवताना तिला मी कधीच पाहिलं नव्हतं. बोटं दिसत नव्हती. आम्हालाही तिच्यामागं पळावं लागलं. खुर्शीदभाभी तर मधेच हसत म्हणाली, "बनुमावशी, लगीन चांगुनाचं हाय, तुमचं न्हाई." पण बनुबाई हसली नाही. साळूबाईचं हसणंही थांबलं. तिनं पदर खोचला, ओठ दाबून धरले आणि डोकं खाली घातलं. तिच्या कपाळावरचा घाम कापडावर पडू नये म्हणून मी मधून मधून तिचं कपाळ पुसत होते. ती मागं पडली नाही. आमचा फेरा कोपऱ्यावर संपायला आणि तिची सुई पाठीवर येऊन थडकायला एकच गाठ पडायची.

आणि कापड सपाट पडत होतं. दुपारपर्यंत निम्मं आत आलो तरी एक सुरकुती नाही. रतनबाई दर थोड्या वेळानं हात फिरवून बघत होती आणि देवाचं नाव घेत होती.

मग ऊन कलायला लागलं तेव्हा ती दिसली. बनुबाईच्या बाजूला, कोपऱ्यापासून निघालेली एक तिरकी सुरकुती. बारीकच, पण डाळिंबी कापडावर लख्ख. सगळ्यांच्या सुया थांबल्या. साळूबाई समोरच्या बाजूला होती. ती गुडघ्यांवर उठून बघायला लागली आणि तिचा चेहरा उतरला. तिनं सुरकुतीवर बोट ठेवलं, दाबलं, सोडलं. ती परत वर आली. असं का झालं ते तिला कळत नव्हतं. मलाही कळलं नाही. आपलं म्हणणं मुळातच चुकलं, असं तिला वाटलं असावं. रतनबाईनं कपाळाला हात लावला.

मी बनुबाईकडं पाहिलं. मला तिचा राग आला होता, आता ती जिंकल्याचं हसेल म्हणून मी आधीच चिडून बसले होते. ती हसली नाही. ती आपल्या पुढ्यातले टाके बघत होती, अगदी नाक लावून. मग तिनं बाजूचं पातं उचललं आणि आपलाच शेवटचा फेरा कोपऱ्यापासून उसवायला लागली.

"मावशी, काय करताय?" रतनबाई घाबरून म्हणाली.

"माजं चुकलं," बनुबाई म्हणाली. "मी एक फेरा पुढं पळाले. दोन घातले लागूपाठ. तिचा यायच्या आदीच."

तिला ते सांगायची काही गरज नव्हती. कुणालाही ते दिसलं नव्हतं. नुसती गप्प बसली असती तरी पैज जिंकली असती, गावातला मान राहिला असता, आणि साळूबाई परत कधी गोधडीपाशी आली नसती. पण तिच्या हाताला खोटा टाका सहन होत नव्हता, स्वतःचाही नाही. त्या क्षणी माझा तिच्यावरचा सगळा राग उतरला, आणि मी हे मोकळ्या मनानं लिहिते की एवढी मोठी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती उसवत गेली तशी सुरकुती आपोआप विरली. साळूबाई उठून तिच्या बाजूला आली. बनुबाईनं दोरा काढून टाकला आणि जागा करून दिली. साळूबाईनं आपला उलटा फेरा घातला, मग बनुबाईनं सुलटा. त्यानंतर बनुबाई पळाली नाही. तिची सुई सावकाश, साळूबाईची सावकाश, आणि आमच्या त्यांच्यामागं. ओसरीवर नुसता कापडातून दोरा ओढल्याचा आवाज येत होता.

दिवेलागणीच्या आत मध्याशी आलो. तळहाताएवढी जागा राहिली. बनुबाईनं कापडावर दोन्ही हात ठेवले आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवले, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसे. मग आम्ही चौघींनी चार कोपरे धरून गोधडी दुमडली. टोकाला टोक लागलं. परत आडवी दुमडली. लागलं. खुर्शीदभाभीनं टाळीच वाजवली, आणि पुंजाराम, जे बायका बसल्या असताना कधी ओसरीवर येत नसत, ते अंगणातून उठून येऊन बघून गेले.

रतनबाईनं पुरणपोळीचा तुकडा आणि गूळ वाटीत आणला. सवयीनं वाटी बनुबाईपुढं धरली. बनुबाईनं ती घेतली आणि साळूबाईपुढं सरकवली.

"भर पोट."

"मावशी," रतनबाई चाचरत म्हणाली, "शेवटचा टाका तेवढा उजव्या हातानं…"

"उजव्या हातानं तिला शिवता येतं का?" बनुबाई खेकसली. "वाकडं शिवून घ्यायचंय का तुला? गप बस."

साळूबाईनं घास उजव्या हातानं ठेवला, कारण घास होता. मग सुई डाव्या हातात घेतली आणि पोट शिवून बंद केलं. शेवटी गाठ मारून दोरा दातानं तोडला.

लग्नाचं सांगायचं तर नगरच्या बायका रुखवतापुढं थांबल्या आणि चांगुणाच्या सासूनं त्या गोधडीला कुणाला हात लावू दिला नाही. पण खरी वरात मी त्याच संध्याकाळी पाहिली. साळूबाईचं घर रतनबाईच्या घराच्या मागंच, परसातून गेलं की आलं. ती परसातून गेली नाही. ती पुढच्या दारानं निघाली, गल्लीतून बाजारपेठेत, तिथून चावडीकडं. दारादारात उभ्या असलेल्या बायकांना मोठ्यानं सांगत चालली होती, "रतनबाईच्या गोधडीचं पोट मी भरलं." नम्रपणा तिच्या अंगात नव्हताच, आणि त्या दिवशी असायचं कारणही नव्हतं. मी तिच्यामागं चालले होते. मी तर तिच्याहून मोठ्यानं सांगत होते.

चावडीवर पुरुष बसलेले. एरवी बायका तिथून पदर सावरून कडेनं जातात. ही मधोमध उभी राहिली. गोरक्ष तंबाखू मळता मळता थबकला.

"घरला न्हाई का जायाचं?" त्यानं विचारलं.

"जाते की. आदी गावाला सांगून जाते. लग्नाच्या गोधडीचं पोट भरलं मी, ह्या हातानं." तिनं डावा हात वर केला.

बसलेल्यांपैकी एक म्हातारा फिसकन हसला. "काय बी सांगती. बनुबाई भरू दील व्हय हिला?"

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. बनुबाईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. आपली वाट सोडून, दुखऱ्या गुडघ्यांनी ती आमच्यामागं चालत आली होती हे मला तोवर कळलंच नव्हतं. ती चावडीपुढं येऊन उभी राहिली, धाप टाकत.

"खरं हाय," ती म्हणाली. "म्या सांगितलं भरायला. आन् हितून पुढं लग्नाची गोधडी हिच्याबिगर अंथरायची न्हाई."

साळूबाई तिथंच, भर चावडीवर, सगळ्या पुरुषांसमोर, बनुबाईच्या गळ्यात पडून रडली.